अंगठ्याची पारख

डहाणूच्या चिकूच्या बाजारात धोंडू सावे यांच्या अंगठ्याला मान होता. ऐकायला विचित्र वाटेल, पण मसोलीतल्या कुठल्याही वखारीत जाऊन विचारा. झाडावरून उतरवलेला चिकू तयार आहे की कच्चा, हे साल नखाने जरासं खरवडलं की कळतं. खाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळट दिसलं तर तयार. एवढं कुणालाही येतं. धोंडूशेठ खरवडत नसत. चिकू तळहातावर घ्यायचा, देठाजवळ अंगठा टेकवायचा आणि सांगून मोकळं व्हायचं: हा परवा पिकेल, हा चार दिवस घेईल, हा आतून नासलाय, बाजूला काढ. दिल्लीला जाणारा ट्रक त्यांच्या शब्दावर भरला जाई. चाळीस वर्षांत तो अंगठा चुकला नव्हता. निदान चुकला असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि या दोन गोष्टींत फरक असतो हे धोंडूशेठच्या कधी ध्यानातच आलं नाही.

घरातही तीच तऱ्हा. स्थळ कुठलं चांगलं, आंबा कधी उतरवायचा, वाढवणच्या बंदराविरुद्धच्या मोर्चाला घरातून कोण जाणार, सगळं ते ठरवत. त्यांची बायको बकुळा हिने लग्नानंतर दोन-तीनदा वेगळं काही बोलून पाहिलं होतं, मग नाद सोडला. माणूस दुष्ट नव्हता, हेही सांगायला हवं. कुणाच्या अडीनडीला पहिली गाडी त्यांचीच निघे. पण आपल्याला कळतं यावर त्यांचा इतका भरवसा होता की दुसऱ्यालाही काही कळत असेल, अशी शंका त्यांच्या मनाला शिवत नसे.

आणि दुर्दैव बघा, पहिल्या खेपेला ते बरोबर निघाले.

त्यांची एकुलती एक मुलगी मयुरा कोसबाडच्या शाळेत शिकवायची. दोन हजार पंधरा साली, चोवीस वर्षांची असताना, तिच्या मानेला गळपट्टीच्या हाडाजवळ गाठ आली. गावातल्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. धोंडूशेठनी जेवणाच्या पाटावरून उठून मुलीच्या मानेला अंगठा लावला, आणि हे साधं नाही, मुंबईला न्यायचं, असं सांगून टाकलं. नेलं. तुकडा काढून तपासला तर हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. वेळेत आणलंत, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. ते वाक्य धोंडूशेठनी पुढे निदान शंभर जणांना ऐकवलं.

किमो झाली, केस गेले, केस परत आले. दहा महिन्यांनी गाठी परत आल्या. मग आणखी जालीम किमो. त्यातूनही पोरगी सावरली, पुन्हा शाळेत जाऊ लागली, आणि दोन हजार सतराच्या मे महिन्यात कुर्त्याची कॉलर घट्ट होते म्हणाली. या वेळी धोंडूशेठनी अंगठा लावला आणि काही बोललेच नाहीत. एरवी ज्या बाईच्या तोंडून चकार शब्द निघत नसे ती बकुळा देवघरासमोर बसून मोठ्याने रडली.

मुंबईच्या रुग्णालयात डॉ. कर्णिक नावाच्या तरुण बाई एका नव्या औषधाचा अभ्यास चालवत होत्या. औषध अभ्यासातून मिळणार होतं, दर दुसऱ्या मंगळवारी सलाईनमधून द्यायचं होतं, आणि यापूर्वी परदेशात या रोगाच्या बऱ्याच रुग्णांना त्याचा गुण आला होता. बाईंनी बापलेकीला समोर बसवून समजावलं.

"शरीरात राखणदार पेशी असतात. चोर दिसला की धरतात. पण त्यांच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. एक छोटीशी जागा समजा. तिथे कुणी हात ठेवला की पेशीला वाटतं, हा आपलाच माणूस, याला काही करायचं नाही. ही सोय शरीराला लागते, नाहीतर राखणदार घरच्यांनाच बडवत सुटतील. कॅन्सरने नेमकी हीच सोय हेरली आहे. तो बरोबर तिथे हात ठेवतो. आपलं औषध ती जागा आधीच झाकून टाकतं. मग चोराचा हात पोचत नाही आणि राखणदार कामाला लागतात."

धोंडूशेठना हे फार पटलं. त्यांच्या वाडीतल्या राखणदाराला आदल्याच वर्षी चोरांनी ताडी पाजून गप्प बसवलं होतं आणि चार झाडं मोकळी केली होती. ती हकिकत ते बाईंना रंगवून सांगू लागले. इतक्यात वखारीतून फोन आला, ट्रक उभा होता. ते बोलत बोलत बाहेर गेले.

त्या पाच मिनिटांत डॉ. कर्णिक मयुराला पुढचं सांगत होत्या. राखणदार जागे झाले की गाठीवर गर्दी करतात. त्यामुळे काही जणांची गाठ आधी सुजते, गरम लागते, मोठी झाल्यासारखी वाटते. ताप येतो. ती सूज रोगाची असेल किंवा औषधाचीही असेल, नुसतं बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही, आम्हालाही नाही. म्हणून फोन करायचा, दाखवायला यायचं, घरी बसून काही ठरवायचं नाही. हेच मराठीत छापलेला कागद त्यांनी तिच्या हातात दिला. धोंडूशेठ आत आले तेव्हा मयुरा संमतीपत्रावर सही करत होती.

त्याच दिवशी तलासरीकडच्या एका पाड्यावरून रूपी नावाची वारली बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती. मुलगा सुनिल अठ्ठावीस वर्षांचा, गुजरातच्या हद्दीत एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला. रोग तोच, औषध तेच. आपल्या भागातली माणसं म्हटल्यावर धोंडूशेठनी दोघांना आग्रहाने गाडीत घेतलं. मग तो शिरस्ताच पडला. परतताना चारोटी नाक्यावर गाडी थांबवायची, सगळ्यांना चहा पाजायचा, मायलेकांना तलासरीच्या जीपमध्ये बसवून द्यायचं. रूपी संकोचून गाडीच्या अगदी कडेला बसायची. सुनिल आणि मयुरा मागे बसून कुणाला किती मळमळलं याच्या गप्पा मारायचे, हसायचेसुद्धा. आपण दोन घरं सांभाळतोय, असं धोंडूशेठना वाटे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

गणपती झाल्यावर पहिला डोस झाला, पंधरा दिवसांनी दुसरा. त्यानंतरच्या मंगळवारी फक्त रक्त द्यायला जायचं होतं. त्या आठवड्यात मयुराच्या मानेची गाठ वाढू लागली. सकाळी पाहावी तर कालच्यापेक्षा मोठी. अंगात कणकण. सकाळ-संध्याकाळ धोंडूशेठ अंगठा लावून बघत आणि त्यांचं तोंड उतरत जाई. आधी गाठ टणक होती. आता ती फुगली होती, मऊ लागत होती, वरची कातडी ऊन होती. या तीन खुणांचा अर्थ त्यांना चाळीस वर्षं पाठ होता. फळ वेळेआधी फुगलं, मऊ पडलं, हाताला ऊन लागलं, की ते आतून गेलं. टोपलीत ठेवायचं नाही, शेजारच्यांनाही नासवतं.

रक्त द्यायच्या दिवशी मयुरा म्हणाली, "बाबा, वर जाऊन डॉक्टरांना दाखवू या का?"

"डॉक्टर आज नाहीत. आणि रक्त काढणाऱ्या पोरीला काय कळणार आहे?" डॉक्टर आहेत की नाहीत हे त्यांनी विचारलंही नव्हतं. भीती वाटली की ते असंच बोलत. वर जाऊन काय ऐकावं लागेल, याची त्यांना धास्ती होती. एवढं मात्र त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

परतताना चारोटीला चहा घेताना त्यांचं लक्ष सुनिलच्या मानेकडे गेलं. तीही सुजली होती. त्यांनी त्याला उजेडात उभं केलं, मान वर करायला लावली आणि अंगठा टेकवला. तीच सूज, तोच मऊपणा, तीच ऊब. आता त्यांच्या मनात काही शिल्लक राहिलं नाही. एकाच पेटीतली दोन फळं सारखी नासलेली निघाली तर पेटीच खराब असते.

"रूपी, हे औषध लागू नाही पडत. दोघांनाही आतून नासवतंय. पुढच्या मंगळवारी याला नेऊ नकोस. जे दिवस आहेत ते घरी सुखाने राहू दे त्याला."

रूपीने पदर सावरला. "हां, शेठ."

"मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"हां, शेठ. तुमी सांगताव तसं."

सुनिलने चहा संपवला. मग दोघं जीपमध्ये बसून गेले.

घरी आल्यावर मयुराने तो छापील कागद काढला. "बाबा, यात लिहिलंय. आधी सूज येऊ शकते. फोन करायला सांगितलाय त्यांनी."

"कागद लिहिणाऱ्याने तुझी मान हाताने बघितली होती का?"

"तसं नाही, पण..."

"पहिली गाठ कुणी ओळखली? डॉक्टरांनी की मी?"

बकुळा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक फोन करायला काय हरकत आहे, असं ती म्हणाली, इतक्या हळू की धोंडूशेठना न ऐकल्यासारखं करता आलं. मयुराने कागदाची घडी घातली. सव्वीस वर्षांची बाई, चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारी. पण दोन वर्षं सुया टोचून घेऊन ती थकली होती, आणि त्या घरात बाबांच्या अंगठ्यापुढे बोलायची सवय कुणालाच नव्हती. बरं, म्हणाली.

तिसऱ्या डोसचा मंगळवार आला आणि गेला. दुपारी रुग्णालयातून फोन आला तो धोंडूशेठनी घेतला. आम्ही दुसरीकडे दाखवतोय, म्हणाले. पलीकडच्या मुलीने पेशंटशी बोलायचं म्हटलं. ती झोपलीय, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मयुरा समोरच्या खुर्चीत बसली होती.

दुसरीकडे म्हणजे गुजरातच्या हद्दीपलीकडचा एक वैद्य. त्याने राखाडी रंगाच्या पुड्या दिल्या, मधातून घ्यायला. आणि आठ दिवसांत चमत्कार झाला. सूज उतरली, ताप गेला, मयुराला सपाटून भूक लागली. दिवाळीत तिचे गाल भरले होते. धोंडूशेठनी फराळाला आलेल्या प्रत्येकाला तिची मान दाखवली. वखारीत तर ते दोन दिवस दुसरं काही बोललेच नाहीत. मोठमोठी मशिनं घेऊन बसलेत, म्हणाले, आणि आपल्या लेकराला हात लावून बघायची अक्कल नाही. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मयुरा दारात पणती लावताना हसली तेव्हा बकुळालाही वाटलं की नवऱ्याचंच खरं, आपण उगाच मनात वाईट आणलं.

संक्रांतीनंतर मयुराला जिना चढताना दम लागू लागला. फेब्रुवारीत तिला बसल्या जागी खोकल्याची उबळ येऊ लागली, तेव्हा कुठे धोंडूशेठनी पुन्हा मुंबईची वाट धरली.

डॉ. कर्णिकांनी छातीचा फोटो बघितला, रक्ताचे रिपोर्ट बघितले, पुड्या तपासायला पाठवल्या. पुड्यांत स्टेरॉइड निघालं. या रोगाच्या गाठी स्टेरॉइडने काही दिवस दबतात, भूक लागते, चेहरा भरल्यासारखा दिसतो, असं त्यांनी सांगितलं. राखणदारांना मात्र ते झोपवतं. ज्यांना आपण उठवायला निघालो होतो त्यांनाच. दरम्यान रोग फुप्फुसात पसरला होता. अभ्यासातली तिची जागा नियमाप्रमाणे गेली होती, आणि नियम वाकवायचे म्हटले तरी फुप्फुसांची अशी अवस्था असताना ते औषध देणं आता धोक्याचं होतं.

"त्या सुजेच्या वेळी मला एक फोन का नाही केलात?" बाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागला.

धोंडूशेठनी उलट विचारलं. "ती सूज... औषधाची होती का रोगाची?"

"आता कसं सांगू? त्याच दिवशी सुई घालून बघितलं असतं तर कळलं असतं. दोन्हीही असू शकतं."

दोन्हीही असू शकतं. हे एवढंच धोंडूशेठ घरी घेऊन आले. रोगाचीच असेल. तसंही वाचली नसती. पुढचे दोन महिने ते याच आधारावर उठले, जेवले, वखारीत गेले. तिकडे तलासरीचा तो मुलगाही गेला असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की त्यात त्यांना थोडा दिलासाही वाटत होता. दोघांच्या गाठी सारख्याच तर होत्या.

चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरली. मयुराला आता बाहेरच्या पडवीत खाटेवर ठेवली होती, वारा लागावा म्हणून. शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं. एका सकाळी अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. रूपी आत येत होती, हातात प्रसादाची पिशवी. तिच्यामागे सुनिल होता. अंगाने भरलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, कॉलरचं वरचं बटण लावलेलं.

धोंडूशेठ खुर्चीतून उठले आणि तसेच उभे राहिले.

"नवस फेडून आलू, शेठ," रूपी म्हणाली. "मयुराबाय दवाखान्यात दिसत नाय, म्हटलं घरी जाऊन परसाद द्यावा." मग तिची नजर खाटेकडे गेली आणि ती बोलायची थांबली.

"याला... कसं आहे याला?" धोंडूशेठनी विचारलं. प्रश्न सुनिलबद्दल होता, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"बरं हाय, शेठ," सुनिल म्हणाला. "मागच्या म्हयन्यात फोटो काढला. त्यात कायच दिसत नाय. डाक्तर बोलली, औषध अजून चालू ठेवू, पण कामावर जा."

"कुठलं औषध?"

"तेच. आपलं मंगळवारचं."

काय वाटलं धोंडूशेठना? राग आला. हो, आधी रागच आला, आपलं ऐकलं नाही याचा. त्याच्या पाठोपाठ मयुराने पुढे केलेला तो छापील कागद आठवला आणि ते खुर्चीत बसले.

"मी तर सांगितलं होतं नेऊ नको म्हणून," ते रूपीला म्हणाले. "तू हो म्हणालीस."

रूपी अवघडली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमी आमाला गाडीत बसवायचा, शेठ, चाय पाजायचा. तुमाला तोंडावर नाय कसं बोलायचं? हां म्हटलं. मंग मंगळवारी पाटेची गाडी धरून गेलू."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नव्हता."

"तसं नाय. तुमी चिकूचं सांगताव तर ऐकलं असतं," रूपी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरंच समजावून सांगत होती. "पण डाक्तरीनबाय बोलली व्हती, गाठ फुगंल, भिऊ नको, मला दाखव. फुगली, मंग दाखवली. तिचं काम तिला ठावं, शेठ."

खाटेवर मयुराने हात हलवून सुनिलला जवळ बोलावलं. तो कडेला उकिडवा बसला. तिला एका दमात दोन-तीन शब्दच बोलता येत होते.

"सूज... कधी बसली?"

सुनिलने आईकडे पाहिलं. खोटं बोलावं का, असं त्याच्या मनात आलं असावं. पण ती वाट बघत होती. "तिसऱ्या डोसनंतर," तो म्हणाला. "आठ-धा दिवसांत."

मयुराने मान हलवली. शाळेत मुलाने बरोबर उत्तर दिलं की हलवावी तशी. मग ती छताकडे बघत श्वास गोळा करत राहिली. बकुळा आतून पाण्याचे पेले घेऊन आली होती आणि उंबऱ्यातच थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा," मयुरा म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी पण... नुसतं हो म्हणायला हवं होतं. आणि जायला हवं होतं."

धोंडूशेठनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बकुळाने पेले रूपीच्या आणि सुनिलच्या हातात दिले, मुलीच्या उशाशी जाऊन बसली आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारू लागली. धोंडूशेठ काय बोलतात याची कुणीच वाट पाहिली नाही.